ज्या संघाला मालकच नाही

28 मार्च 1984. बाल्टिमोरमध्ये रात्री ट्रक आले, कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं सगळं सामान भरलं आणि उजाडायच्या आत इंडियानापोलिसच्या वाटेला लागले. तीस वर्षं त्या संघासाठी घसा फोडणाऱ्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मालकाने ठरवलं, विषय संपला.

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघावर माझा एवढा जीव का, हे कुणी विचारलं की मी आधी ही रात्र सांगते. कारण पॅकर्सना असं कुणीच नेऊ शकत नाही.

विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे म्हणजे लाखभर वस्तीचं गाव. 1919 मध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी संघ काढला. लॅम्बो मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता. तिने गणवेशासाठी 500 डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. चारच वर्षांत पैशांची चणचण. मग 1923 मध्ये गावातच 5 डॉलरला एक असे 1,000 शेअर विकायला काढले. पुढे 1935, 1950, 1997, 2011 आणि 2021 मध्येही तेच केलं. 1950 ची एक गोष्ट तिथे अजून सांगतात: एक शेतकरी बाई रात्री अकराला शेअर विकणाऱ्या समितीतल्या एका सभासदाच्या दारात आली, 25 डॉलर घेऊन. सगळी पाव डॉलरची नाणी. म्हणजे मोजून शंभर. ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आज 5,37,000 हून जास्त भागधारक आहेत, संघ त्यांचाच, एकटा मालक कुणीच नाही. लाभांश नाही, शेअर विकून नफाही नाही. लोक म्हणतात, मग तो नुसता कागदच की! अहो, ती वर्गणी आहे. आपण गणपतीला देतो तशी. वर्गणी परत मिळावी म्हणून कोण देतं?

आणि गावकीचा म्हणून संघ दुबळा, असं तर मुळीच नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगची 13 अजिंक्यपदं, इतकी दुसऱ्या कुणाचीच नाहीत. त्यातली पाच प्रशिक्षक विन्स लोंबार्डीच्या काळातली. 31 डिसेंबर 1967 चा डॅलसविरुद्धचा सामना तर उणे 25 अंशांतला. मैदानाखालची गरम करायची यंत्रणा बंद पडली, पंचाची शिट्टी ओठांना चिकटली, पुढचा सामना पंचांनी ओरडून चालवला. पॅकर्स 14-17 ने मागे, शेवटची 16 सेकंदं, गोलरेषा हातभर लांब. खेळ थांबवायचा टाइमआउट एकही उरलेला नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू इतरांकडे देऊन चाल रचणारा खेळाडू, बार्ट स्टारने चेंडू कुणाला दिलाच नाही, स्वतःच मुसंडी मारली. 21-17. एवढ्या थंडीत गाव स्टेडियममध्ये बसून होतं!

आता लीगचा नियम असा, की नव्या संघाची मालकी अशी गावाकडे ठेवता येत नाही. पॅकर्स जुने म्हणून त्यांना सूट. मला हा नियम सरळसरळ अन्याय वाटतो. क्लीव्हलंडचा संघ 1996 मध्ये बाल्टिमोरला नेला, ओकलंडचा 2020 मध्ये लास वेगासला. प्रत्येक वेळी पोरकी झाली ती तिकीट काढून येणारी माणसं.

ग्रीन बेला उन्हाळ्यात सराव सुरू झाला की गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात. खेळाडू त्यांच्याच सायकलवरून मैदानावर जातात. आडदांड माणूस, गुडघे हँडलला लागतायत, आणि शेजारून त्याचं हेल्मेट कवटाळून एक पोर पळतंय.