इस्लामिक बँक म्हणजे फुकट कर्ज नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय की इस्लामिक बँकेत व्याज नसतं, म्हणजे जेवढे घेतले तेवढेच परत द्यायचे. अर्धंच खरंय हे. तसं कर्ज असतं, त्याला कर्ज-ए-हसना म्हणतात, पण बँकांचा मुख्य धंदा त्यावर चालत नाही, कसा चालेल?

जास्त चालतो तो मुराबहा. म्हणजे समजा 100 ची वस्तू बँक आधी स्वतः विकत घेते, मग तुम्हाला सांगून-सवरून 120 ला हप्त्यावर विकते, आणि तो 120 चा आकडा एकदा ठरला की ठरला, हप्ता थकला तरी बँक त्यावर चढवून स्वतः कमवू शकत नाही, लेट फी लावलीच तर ती दानात जाते. बँकेने घेतल्यापासून तुम्हाला विकेपर्यंत वस्तू बँकेच्या मालकीची, तेवढ्यात खराब झाली तर नुकसान बँकेचं. खरा फरक इथेच आहे.

आता "हे नाव बदललेलं व्याजच" म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही, कारण नफा ठरवताना बऱ्याच बँका बाजारातला व्याजदरच बघतात. तवर्रुक नावाचा प्रकार (वस्तू हप्त्यावर घ्यायची आणि लगेच तिसऱ्याला रोखीने विकायची, म्हणजे हातात रोकड येते) तर 2009 मध्ये ओआयसी या मुस्लिम देशांच्या संघटनेच्या फिक्ह (इस्लामी कायदा) अकादमीनेच, बँका संगनमताने करतात त्या रूपात, नाजायज ठरवला. तरी काही देशांत तो सुरूच आहे.