बाळाच्या मनगटीत चिनी ‘डोळामणी’ ओवू नका

‘प्राचीन चिनी डोळामणी, २५०० वर्षांपूर्वीच्या राजांचं रक्षाकवच’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. डोळामणी म्हणजे वर डोळ्यांसारखी गोल नक्षी असलेला काचेचा मणी. मी दोनदा वाचून सोडून दिला होता. पण भाचीने त्यावर विसंबून मणी मागवला आणि बारशाला बाळाच्या मनगटीत काळ्या मण्यांसोबत ओवणार म्हणाली, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

मेसेजमधले दावे असे: हा मणी मूळचा चीनचाच, काचेत शिसं आणि बेरियम हे धातू असतील तरच अस्सल, वर पांढरट पापुद्रा असला की जुना समजा, आणि बाळाच्या अंगावर घातला तर दृष्ट लागत नाही, बेरियममुळे झोप शांत लागते.

मूळचा चीनचा? नाही. असे डोळ्यांचे मणी इजिप्त आणि भूमध्य सागराकाठी चीनच्या कितीतरी आधी होत होते. तिथून ते पूर्वेकडे गेले, मग चिनी कारागिरांनी आपल्या काचेत ते घडवले.

शिसं-बेरियमचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. सेलिगमन आणि बेक या संशोधकांनी १९३० च्या दशकात जुन्या चिनी मण्यांची काच तपासली आणि तिच्यात बेरियम दाखवून दिलं. पाश्चात्त्य काचेहून ती वेगळी ओळखता येते ती त्यामुळेच. पण ‘तरच अस्सल’ कुठून आलं? चीनच्या हुबेई प्रांतात १९७८ मध्ये झंग या प्राचीन राज्याच्या यी या अधिपतीची इ.स.पू. ४३३ च्या सुमाराची कबर उघडली, तिच्यात १७३ डोळामणी मिळाले. त्यांतल्या तपासलेल्या मण्यांची काच सोडा-चुन्याची, म्हणजे शिसं-बेरियमची नसलेली, निघाली. मेसेजची कसोटी लावली तर हे मणी नकली ठरतील!

आता बाळाचं. शिसं-बेरियमच्या जुन्या काचेत शिशाचं ऑक्साइड वजनाच्या २० ते ४० टक्के सहज असतं. ज्या पांढऱ्या पापुद्र्याला मेसेज जुनेपणाची खूण म्हणतो, तो अशा काचेवर बहुतेकदा गंजाचा थर असतो. त्यात शिशाचं कार्बोनेट असतं आणि नखाने खरवडलं तर भुकटी सुटते. सहा महिन्यांचं बाळ मनगट कुठे नेतं, हे घरातल्या कुणालाही विचारा. थेट तोंडात. मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. शिसं मेंदूच्या वाढीवर घाव घालतं. म्हणजे मेसेजच्या कसोटीने मणी जितका अस्सल, तितका बाळाला घातक. आणि काचेतल्या बेरियमने झोप येते हे धादांत खोटं आहे. दृष्ट लागायची काळजी असेल तर आजीने ओवलेली मनगटी पुरे, तीही बाळाला चावता येणार नाही अशी.

पापुद्र्याच्या पुराव्याबद्दल इतकंच, की आम्लात बुडवून आणि मातीत पुरून तो आठवडाभरात आणता येतो. भाचीच्या मण्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. सगळे डोळे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे, भोक आतून लख्ख. जुन्या मण्यात निळ्या-पांढऱ्या काचेचे थर एकावर एक दाबून डोळा केलेला असतो. कुठे वरचा थर निखळून खळगा पडतो, डोळे वेडेवाकडे, लहानमोठे असतात.

आणि समजा, विक्रेता म्हणतो तसा तो खरंच कबरीतला आहे. चिनी कायद्याने जमिनीखालचा प्राचीन ठेवा सरकारी मालकीचा. मग तो पाकिटातून डोंबिवलीला कसा पोचला, हे विक्रेत्याला विचार, असं मी भाचीला सांगितलं आहे. मणी सध्या बंद डबीत, बाळापासून लांब, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.