बटणं मोजण्याचा आरोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही वेळ काढून, मनापासून लिहिलंय, म्हणून दोन ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पाश्चात्त्य चित्रपटांतल्या सोव्हिएत सैनिकांवर मी जो लेख लिहिला, त्यावर यांचे तीन आक्षेप आहेत. मी बटणं आणि बिल्ले मोजत बसलो. स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या 'एनिमी ॲट द गेट्स' या २००१ च्या चित्रपटाच्या सुरुवातीला खोटं ठरवून स्टालिनच्या क्रौर्यावर पांघरूण घातलं. आणि मुळात मराठी वाचकाला या सगळ्याशी काय देणंघेणं?

आधी बटणांचं. जानेवारी १९४३ पर्यंत लाल सेनेत कुणाच्याही खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या नव्हत्या. हुद्दा कळायचा तो कॉलरवरून. सार्जंटला छोटे त्रिकोण, लेफ्टनंटला चौकोन, कॅप्टनपासून कर्नलपर्यंत लांबट आयत. खांद्यावरच्या पट्ट्या ही झारच्या अधिकाऱ्यांची खूण होती, आणि यादवी युद्धात बोल्शेविक ज्यांच्याशी लढले ते श्वेत अधिकारी त्या मिरवत असत. पंचवीस वर्षं शत्रूची मानलेली ही खूण स्टालिनने ऐन युद्धात परत आणली. सैनिकाच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलरही तेव्हाच गेली आणि जुन्या रशियन पद्धतीची उभी कॉलर आली. त्याआधी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, सेनाधिकाऱ्याच्या बरोबरीने हुकूम देण्याचा कमिसारचा, म्हणजे सैन्यातल्या पक्षाच्या राजकीय अधिकाऱ्याचा, अधिकार काढून घेतला होता. क्रांतीच्या नावाने लढणारी सत्ता हळूहळू रशियाच्या नावाने लढायला लागली होती, आणि ते शिपायाच्या अंगावरच्या कपड्यांवर दिसत होतं. १९४१ च्या दृश्यात खांद्यावर पट्ट्या दाखवल्या की हे सगळं स्थित्यंतर पुसलं जातं. मला खटकतं ते हे.

शीतयुद्धाच्या काळातल्या चित्रपटांना मी यात फारसा दोष देत नाही, आणि तसं मूळ लेखातही लिहिलं होतं. तेव्हा खरं साहित्य मिळणं जवळजवळ अशक्य होतं. 'रॅम्बो ३' मधलं सोव्हिएत हेलिकॉप्टर म्हणजे बाहेरून रूप बदललेलं फ्रेंच प्यूमा आहे. त्यांनी हाताशी होतं त्यात भागवलं. २००१ साली मात्र ही अडचण उरली नव्हती.

आता 'एनिमी ॲट द गेट्स'. कपड्यांच्या बाबतीत हा चित्रपट बऱ्यापैकी काळजीपूर्वक केलाय, कॉलरवरच्या पट्ट्यासुद्धा आहेत. माझा आक्षेप त्या कपड्यांतल्या माणसांबद्दल आहे. भरदिवसा व्होल्गा ओलांडून आलेल्या सैनिकांपैकी एकाला रायफल, दुसऱ्याला फक्त काडतुसं. पहिला मेला की दुसऱ्याने त्याची रायफल उचलायची. मागे फिरलात तर आपलेच लोक मशीनगन चालवणार. तुम्ही म्हणता, हुकूम क्रमांक २२७ खरा होता. होताच. २८ जुलै १९४२ ला तो निघाला आणि माघार घेणाऱ्यांना अडवण्यासाठी प्रत्येक सेनेने तीन ते पाच तुकड्या उभ्या कराव्यात असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. या तुकड्यांनी काय केलं, त्याचा एनकेव्हीडीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा, स्वतःचा गुप्त अहवाल उपलब्ध आहे. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या काळात सगळ्या आघाड्यांवर मिळून १,४०,७५५ जणांना अडवलं. त्यातल्या ३,९८० जणांना अटक झाली, १,१८९ जणांना गोळ्या घातल्या, काही हजारांना शिक्षा-तुकड्यांत पाठवलं आणि १,३१,०९४ जणांना परत त्यांच्या पलटणीत किंवा तिथे पाठवणाऱ्या केंद्रांवर धाडलं. अडीच महिन्यांत आपल्याच ११८९ माणसांना मारणं हे भयंकर आहे आणि त्याला दुसरा शब्द मी वापरणार नाही. पण अडवलेल्या दहांपैकी नऊ जण परत गेले. म्हणजे या तुकड्यांचं रोजचं काम विस्कळीत माणसं गोळा करून पुन्हा उभी करायचं होतं. चित्रपटाने दाखवलेली सरसकट कत्तल या आकड्यांत बसत नाही. हे सांगितल्याने स्टालिनवर पांघरूण कसं पडतं, ते मला कळलेलं नाही.

रायफलींचंही तसंच. जनरल रोदिमत्सेव्हची १३ वी गार्ड्‌स डिव्हिजन १४ सप्टेंबरच्या रात्री नदी ओलांडायला निघाली. आदल्या दिवसांत तिच्यातल्या हजारावर सैनिकांकडे हत्यारं नव्हती, हे शहराचं रक्षण करणाऱ्या सेनेचे प्रमुख चुइकोव्ह यांनी खुद्द नोंदवलंय. तातडीने हुकूम निघाले आणि नदी ओलांडण्याआधी ती पुरवली गेली. टंचाई खरी होती, पण म्हणून निःशस्त्र माणसं हल्ल्यात ढकलली नव्हती. ओलांडणंही अंधारात झालं, कारण दिवसा बोटी टिकल्याच नसत्या.

आणि चित्रपटाचा नायक, नेमबाज झाइत्सेव्ह! चित्रपटात तो उरलचा भोळा मेंढपाळ पोरगा आहे, रायफलही न मिळालेला. खरा झाइत्सेव्ह १९३७ पासून पॅसिफिक ताफ्यात होता, तिथे हिशेबाचं काम बघायचा, आणि स्टालिनग्राडला आला तो स्वतःहून आघाडीवर जायला निघालेल्या नौसैनिकांबरोबर. या लोकांना पायदळाचे कपडे मिळाले तरी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नौदलाचा बनियन त्यांनी आतून सोडला नाही. गळ्याशी दिसणाऱ्या त्या दोन बोटं कापडातून कळतं की हा माणूस अनुभवी आहे, स्वेच्छेने आलाय, आणि आपण कोण याचा त्याला अभिमान आहे. ते कापड काढलं की राहतो ढकलून आणलेला खेडूत. तुम्ही ज्याला बटणं मोजणं म्हणता ते हेच.

कपडे बरोबर आले म्हणजे सगळं आलं असंही मी म्हणत नाही. सोव्हिएत अणुभट्टीच्या १९८६ च्या अपघातावरच्या, २०१९ च्या 'चेर्नोबिल' मालिकेतले कपडे, चष्मे, भिंतींचे रंग बघून तिथे वाढलेले प्रेक्षकही थक्क झाले. तरी रशियात जन्मलेल्या पत्रकार माशा गेसन यांनी नेमकं बोट ठेवलं की मालिकेतले लोक गोळी घातली जाईल या धाकात वागतात, आणि १९८६ मध्ये तसं नव्हतं. मंत्र्याने हेलिकॉप्टरमध्ये शास्त्रज्ञाला बाहेर फेकायची धमकी देणं हे स्टालिनच्या दडपशाहीच्या १९३७ चं वातावरण आहे, ब्रेझ्नेव्हनंतरचं नाही. तिथे नोकरी, घर, बढती जाण्याची भीती होती. ती दाखवायला अवघड, म्हणून बंदूक आणली. सोव्हिएत पाणबुडीवरच्या 'के-१९' या चित्रपटाच्या वेळीही त्या पाणबुडीवरचे वाचलेले खलाशी चिडले, ते आपल्या सहकाऱ्यांना बेशिस्त आणि नालायक रंगवल्यामुळे.

राहिला मराठी वाचक. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा युद्ध चालू असतानाच रचला आणि तो इथल्या कामगारांपुढे गायला गेला. त्या शहरातल्या सैनिकाची एक प्रतिमा आपल्याकडे हॉलिवूडच्या कितीतरी आधी होती. आज आपली मुलं ती प्रतिमा एका चित्रपटातून आणि त्यातली दृश्यं उचलणाऱ्या व्हिडिओ गेममधून घेतात. मग ती तपासायची नाही?

तुम्ही शेवटी विचारलंय, चित्रपट बघायचाच नाही का. जरूर बघा, उद्ध्वस्त शहर त्याने फार ताकदीने उभं केलंय. फक्त एक विनंती आहे. स्टालिनग्राडमध्ये निःशस्त्र सैनिकांना हल्ल्यात पाठवल्याचा तुमच्याकडे एखादा दस्तऐवज किंवा प्रत्यक्षदर्शीची नोंद असेल, तर इथे द्या. मी वाचेन आणि त्यावर लिहीन. चित्रपटातला प्रसंग मात्र पुरावा म्हणून चालणार नाही.