पाठमोरा पाहुणा

जावयाच्या घरी पाहुणचार घेणाऱ्या सासऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार नसतो, हे मला इंग्लंडमध्ये ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पहाटे साडेपाच वाजता उमगले. आदल्या रात्री जेवताना जावईबापू म्हणाले होते, "बाबा, उद्या स्टीम गाला आहे, म्हणजे वाफेच्या इंजिनांची जत्रा. बाहेरचं एक पाहुणं इंजिन येतंय." तोंडात घास असल्यामुळे मी नुसती मान हलवली, आणि तो होकार समजण्यात आला. मुलीने मात्र आपल्याला कपड्यांना इस्त्री करायची असल्याचे तत्परतेने जाहीर केले. त्या घरात इस्त्रीच नाही, हे मला पुढच्या आठवड्यात कळले.

माझे सारे आयुष्य कल्याणला गेले. लहानपणी कोळशाच्या गाडीने प्रवास केला की डोळ्यात कणी आणि पांढऱ्या सदऱ्यावर काजळी ही ठरलेली असे; खिडकीतून डोके बाहेर काढल्याबद्दल मिळणारा धपाटा वेगळाच. त्या धुरातून एकदाची सुटका झाली म्हणून आम्ही विजेच्या गाड्यांना दुवा दिला. आता तोच धूर खाण्यासाठी पौंड मोजून दिवसभराचे तिकीट काढायचे, आणि तेही चिखलाने भरलेल्या शेतात मोटार उभी करून, हा हिशेब माझ्या डोक्यात काही केल्या बसेना.

वाटेत जावईबापूंनी माझे प्रबोधन केले. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट 1968 मध्ये मुख्य मार्गांवरच्या रोजच्या गाड्यांमधून वाफेची इंजिने हद्दपार केली. पण वेल्समधली तालिथ्लिनची चिमुकली रेल्वे 1951 पासूनच हौशी स्वयंसेवकांनी चालवायला घेतली होती, आणि तिचा कित्ता पुढे देशभर गिरवला गेला. वेल्समध्येच बॅरी येथे वुडहॅम बंधूंचा भंगारवाडा होता. तिथून एकदोन नव्हे, तब्बल 213 इंजिने लोकांनी वर्गण्या काढून सोडवून आणली. अशा प्रत्येक हौशी रेल्वेकडे आपापली मोजकी इंजिने असतात आणि नेहमीच्या भक्तांना ती तोंडपाठ असतात. म्हणून गालाच्या वेळी दुसऱ्या रेल्वेचे इंजिन चार दिवसांसाठी बोलावतात. एका गावच्या जत्रेला दुसऱ्या गावची पालखी भेटीला यावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की ही पालखी बहुधा ट्रकवर बसून येते. मुख्य मार्गावर धावायचे तर इंजिनाला वेगळी तपासणी, वेगळी उपकरणे आणि पुष्कळ खर्च लागतो. त्यामुळे जन्मभर रुळांवर धावलेले पन्नास टनांच्या आतबाहेरचे इंजिन महामार्गावरून लांबलचक ट्रकवर पडल्या पडल्या येते. पाहुण्याला मुदतही असते. बॉयलरचा परवाना साधारण दहा वर्षांचा, आणि तो संपला की सगळा बॉयलर उतरवून, उघडून, पुन्हा उभा करावा लागतो. "म्हणजे आज नाही पाहिलं, तर कदाचित कधीच नाही," असे जावईबापू ज्या गांभीर्याने म्हणाले, तसे लोक आमच्याकडे आजारी आत्याबद्दल बोलतात.

त्या दिवशीचे इंजिन पॅनिअर टँक जातीचे होते. गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लोंबाव्यात, तशा याच्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असतात. 1929 ते 1950 या काळात एकाच साच्यातून अशी 863 इंजिने काढली गेली. 863 भावंडांपैकी एकाला पाहण्यासाठी आपण पहाटे का उठलो, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. माथेरानच्या गाडीचे 740 क्रमांकाचे इंजिन केव्हाच या देशात येऊन राहिले आहे. ते आले असते तर निदान गाववाल्याची विचारपूस तरी केली असती.

ही रेल्वे एकेरी मार्गाची होती, आणि माझ्या हालांचे मूळ तिथेच होते. समोरासमोरच्या गाड्या मधल्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडतात. आम्ही उत्तरेला निघालो की पाहुणा दक्षिणेला येई. पहिल्या क्रॉसिंगला आमचा डबा एका टोकाला, पाहुणा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सात डब्यांची भिंत. म्हणून आम्ही उतरून मागे फिरलो, तर तोही फिरला होता. मात्र टोकाच्या स्टेशनावर ही इंजिने वळवत नाहीत, नुसती गाडीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन जोडतात. त्यामुळे परतीला त्याचे धुराडे डब्यांकडे आणि पाठ आमच्याकडे. "पाठमोरा फोटो चालत नाही, बाबा," असे म्हणत जावईबापूंनी पाठमोरे साठेक फोटो काढले. तिसऱ्या खेपेला आम्ही पादचारी पुलावर मोक्याची जागा धरली. पाहुणा ऐन पुलाखाली आला, एक जोरदार फूत्कार टाकला, आणि सारा पूल पांढऱ्या वाफेत बुडाला. वाफ विरली तेव्हा खाली नुसते रूळ होते. माझ्या डोळ्यात मात्र कणी गेली होती, थेट कल्याणची आठवण करून देणारी. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी हळहळत सांगितले, की इथल्या खाणी बंद पडल्याने हल्ली कोळसाही परदेशातून येतो. म्हणजे इंजिन पाहुणे, त्याचा खुराक पाहुणा, आणि तो डोळ्यात घेणारा मीही पाहुणा!

दुपारी जावईबापू चहाच्या रांगेत अडकले असताना मला यार्डाच्या कडेला तो दिसला. एकटा, संथपणे वाफ सोडत, धुराडे माझ्याकडे करून. मी पुढून, बाजूने, चाकांशी वाकून फोटो काढले. चिंध्यांनी पितळ घासणाऱ्या स्वयंसेविकेने मला वर चढवले; भट्टीचे दार उघडून दाखवले; मी फावड्याला हात लावला. खाली उतरताच कल्याणच्या गटावर 'पाहुणे इंजिन, इंग्लंड' असा मथळा देऊन फोटो धाडले, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या दोन मित्रांचे नमस्कारही आले.

जावईबापू दोन्ही हातांत चहा सांभाळत आले. त्यांनी माझा फोन पाहिला, मग इंजिनाच्या बाजूची पितळी क्रमांकपट्टी पाहिली आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, "बाबा, हे इथलंच आहे. कायमचं." त्याच क्षणी पलीकडच्या फलाटावरून शिट्टी झाली, आणि खरा पाहुणा डब्यांआड निघून गेला.

रात्री मुलीने पोळी वाढता वाढता विचारले, "काय बाबा, दिसलं का पाहुणं?" जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडात घास होता, म्हणून मी मान हलवली.