बांगडीची सही

आज दुपारी साडेबाराच्या उन्हात मी कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी रद्दीच्या टेम्पोच्या फाळक्यावर बसून होते. वय एकसष्ट, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी आधी माझ्या सुनेला फोन केला, मग फोटो काढले. फोटो बघून झाले असतील तर आता हे वाचा.

गेले होते माझ्याच एका कागदासाठी. पेन्शनच्या फाइलीत एक पान कमी पडतंय, म्हणून सेवापुस्तकाची नक्कल हवी होती. ऑफिसातला मुलगा भला आहे, म्हणाला, "मॅडम, जुनं रेकॉर्ड आहे, शोधावं लागेल, सोमवारी या." बरं म्हटलं. बाहेर येते तर जिन्याखालच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि दोन गडी लाल फडक्यातली गाठोडी उचलून टेम्पोत भिरकावतायत. भिरकावतायत! मी इथली ग्रंथपाल होते, त्या खोलीची किल्ली एकोणीस वर्षं माझ्या पदराला होती. एकेक गाठोडं आम्ही तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर घेऊन उचलायचो.

कारण विचारलं. कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम यायची आहे. खोली स्वच्छ दिसायला पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या तालुक्यातल्या एका वकील घराण्याने १९७४ साली तीन पिढ्यांचं दप्तर कॉलेजला दिलं. मग त्यांचं बघून एका जुन्या पेढीच्या वह्या आल्या, एका देवस्थानाचे इनामाचे कागद आले. एकूण ४१ रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागदांच्या गड्ड्या फडक्यात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला दप्तरखान्यात रुमाल म्हणतात, पेशव्यांपासून तोच शब्द. आत खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं, बांधाच्या भांडणातले जबाब, विहिरीच्या पाळ्या. बहुतेक सगळं जुन्या मोडी लिपीत. आणि देताना वकिलांच्या मुलाने एक पत्र दिलं होतं, त्यात अट होती: हे कागद "विद्यार्थ्यांस व रयतेस" विनामूल्य पाहता यावेत. हे पत्र मी काचेत घालून भिंतीला लावलं होतं. आज काच होती, पत्र नव्हतं.

आता तात्यांबद्दल सांगते. माझ्या जवळच्यांनी हे दहा वेळा ऐकलंय, अकराव्यांदा ऐका.

२००९ चा जून. एक म्हातारा, धोतर, बंडी, हातात जुनी लेडीज छत्री. दारातून म्हणाला, "बाई, इथं जुनं कागूद हायत म्हनं." भावकीत विहिरीवरून वाद पेटला होता. त्याच्या आजीने लहानपणी सांगितलेलं त्याच्या डोक्यात पक्कं होतं, की त्या विहिरीत आपली दोन आणे पाळी आहे. विहिरीचं पाणी असं आण्यांत वाटलेलं असतं, सोळा आणे म्हणजे पुरती विहीर. तलाठ्याकडे जाऊन आला होता, पण हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्याआधीचं घरगुती देणंघेणं सातबाऱ्यावर कुठून दिसणार? ते असलंच तर कुणा वकिलाच्या नाहीतर सावकाराच्या दप्तरात.

आमचे मोडीवाले सर तेव्हा होते. चार दिवस बसलो. मोडी वाचणं म्हणजे काय ते वाचणाऱ्याला विचारा. आधी पानभर रेघ ओढलेली, तिला लटकवलेली अक्षरं, दोन शब्दांत फट नाही, लिहिणाऱ्याने हात उचललेलाच नाही. चौथ्या दिवशी तेविसाव्या रुमालात कागद निघाला. शके १८०९, म्हणजे १८८७ च्या आसपासचा. तात्यांच्या आजीच्या सासूचा.

पुढे काय निघालं ते सांगते, पण आधी माझा राग जरा ओकून घेते.

या कॉलेजच्या लोकांना डेक्कन कॉलेज माहीत नाही का? मूळची १८२१ ची संस्था, पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात सुरू झालेली. येरवड्याची दगडी इमारत उठली त्यात मुंबईच्या दानशूर जमशेटजी जीजीभाईंचे एक लाख रुपये होते. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केलं, पैसे नाहीत म्हणून. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. म्हणणं साधं होतं: देणगी या कामासाठी दिली होती, तुम्ही मालक नाही, तुमच्याकडे ती विश्वासाने ठेवलेली आहे. १९३९ साली कॉलेज पुन्हा उघडलं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एक अख्खं कॉलेज कशावर वाचलं? देणगीच्या जुन्या कागदांवर! आणि त्याच कॉलेजात सातारच्या इतिहाससंशोधक पारसनीसांनी जन्मभर जमवलेला दप्तरसंग्रह येऊन राहिला. म्हणजे कागदाने कॉलेज वाचवलं, मग कॉलेजने कागद सांभाळले. आमच्याकडे उलटं. काच ठेवली, अटीचं पत्र काढलं.

कागद नसला की काय होतं हे आपल्या मुलखाला पुस्तकातून शिकवावं लागतं का? इंग्रजांचं इनाम कमिशन आठवा. १८५२ च्या कायद्याने त्यांना दात आले. सनद दाखवा, नाहीतर इनाम सोडा. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या, आगीत गेल्या, चुलत्याने दाबून ठेवल्या, ते पिढ्यान् पिढ्या कसत आलेली जमीन गमावून बसले. हजारो लोक. आणि आपण, स्वतःच्या हाताने, किलोवर.

"सगळं ऑनलाइन आहे आता, मॅडम." हे मला एका प्राध्यापकाने ऐकवलं, नाव लिहीत नाही, तो ही पोस्ट वाचणार आहे. मान्य, सातबारा घरबसल्या निघतो, जुने फेरफारही स्कॅन झालेत, सोय झाली आहे. पण स्कॅन झालं ते सरकारच्या कपाटातलं. वकिलाच्या दप्तरातला कागद सरकारकडे कधी गेलाच नव्हता, तो स्कॅन कोण करणार? तात्यांचा कागद कुठल्या वेबसाइटवर आहे ते दाखव रे बाळा.

हां, तर तो कागद.

त्यात लिहिलं होतं की नवरा वारला, दोन लेकरं लहान, तेव्हा या बाईने विहिरीतली आपली दोन आणे पाळी दिराला लिहून दिली. बदल्यात दिराने मुलांना हाताशी येईपर्यंत पोसायचं. "लेकरे तुमचे पदरी घातली." सर वाचत होते आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता, कारण म्हातारा चार दिवस दोन एस.ट्या बदलून येत होता आणि कागद त्याच्याच विरुद्ध निघाला होता. ती पाळी दिली गेलेली. भावकी खरी होती.

तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सही कुटं हाय तिची?"

अडाणी माणसं तेव्हा सहीच्या जागी निशाणी करायची. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. बाईची बांगडी. कागदाच्या खाली लेखनिकाने नाव घातलं होतं आणि त्यापुढे एक गोल, थोडा वाकडा, शाई एका बाजूला फुटलेली. निशाणी बांगडी. तात्यांनी बोट त्या गोलाच्या वर धरलं, टेकवलं नाही. म्हणाले, "इधवा बाई. हातातल्या फोडल्या आसतील, ह्यी तेवढी ऱ्हायली."

आणि उठले. "तिनंच दिली म्हंजी. मग भांडायचं कशापायी." दुसऱ्या दिवशी भावकीत जाऊन सांगून आले की माझा दावा नाही. छत्री आमच्याकडेच विसरले.

*

जेवून परत बसलेय लिहायला. सून म्हणतेय, आई, कमेंट नका वाचू. वाचल्या.

एकाने लिहिलंय, "मुलांना स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जागा नाही आणि तुम्हाला कागद हवेत." तर ऐक, त्या मुलांसाठी वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवायला मीच भांडले होते. त्यांना जागा हवी, शंभर टक्के हवी. पण ती जिन्याखालची खोली आठ बाय दहाची आहे, तिथे मांडी घालून चार मुलंही मावणार नाहीत. आणि माझ्यानंतर ग्रंथपालाचं पद भरायला तर जागाही लागत नाही, तरी ते दोन वर्षं रिकामं आहे. त्यावर कमेंट कर की.

दुसऱ्यांनी लिहिलंय ते मात्र लागलं. "बाई, हे कागद गरिबांचे कधीच नव्हते. सावकाराचे होते." खरं आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी पहिल्यांदा काय केलं? सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही काडी लावली असती, हे लिहायला मला जड जातंय पण लिहिते. आमच्या रुमालांतही असली गहाणखतं आहेत की वाचताना हात धुवावेसे वाटतात. तरी फरक आहे. त्यांना माहीत होतं कशात काय लिहिलंय, म्हणून जाळलं. तुम्ही न वाचता देताय.

आणि गोष्ट अर्धीच सांगायची माझी सवय. तात्यांनी वाद सोडला ते गोड वाटतं ऐकायला. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा आला. तिशीचा, डोळे लाल, खोलीच्या दारात उभा राहून माझ्यावर ओरडला, "कागद काढलाच कशाला तुम्ही? म्हातारा मेला असता तर प्रकरण तरी चाललं असतं." त्याची बागायत त्या पाण्यावर अवलंबून होती. मी काय उत्तर देणार? छत्री दिली. त्याने ती तिथेच आपटली आणि गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगितलं की लोक म्हणतात, बघा, कागदांनी भांडणंच होतात. होतात. खोलीच्या व्हरांड्यात दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या गळ्याला लागलेले मी पाहिलेत. म्हणून काय रक्त तपासायचं सोडायचं, रोग निघतो म्हणून?

आता मला ज्यांच्यावर खरं चिडायचं आहे ते. आपलेच लोक. इतिहास म्हटलं की ज्यांची छाती फुगते. डीपीला भगवा, मिरवणुकीला ढोल, पुतळ्याला वर्गणी. कॉलेजच्या गेटवर कमान उभारायला सहा आठवड्यांत पैसे जमले. डांबरगोळ्या आणि फडक्यासाठी मी दर वर्षी अर्ज करत होते, शेवटी वेखंड माझ्या पैशाने आणलं. इतिहासाचार्य राजवाडे खांद्यावर घोंगडी टाकून वाड्यावाड्यांतून कागद मागत हिंडले, ते आपल्याला भाषणापुरते हवेत. त्यांनी हात जोडून माळ्यावरनं जे उतरवलं तसलंच आपण हात झटकून टेम्पोत टाकतो.

बरं, इतिहास राहू द्या. स्वार्थ तरी बघा! २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा तहसीलदारांपासून सगळे मोडी वाचणारा माणूस शोधत फिरत होते. आमच्या सरांना, ऐंशीच्या माणसाला, गाडी पाठवून नेलं. तेव्हा याच कॉलेजने पेपरात फोटो दिला होता, "आमच्याकडे मोडी कागदपत्रांचा दुर्मिळ संग्रह". दुर्मिळ! कात्रण आहे माझ्याकडे.

आणि आज मोडी हा शब्द कुणाला आठवला, माहितीये? रद्दीवाल्याला.

मी फाळक्यावर बसलेली. प्राचार्य मीटिंगमध्ये. शिपाई मला उठवायला धजत नव्हता, त्याच्या मुलीला मी पुस्तकं दिलीत. तेवढ्यात रद्दीवाल्याने एक रुमाल स्वतः सोडला, कागद उलटा धरला, मग सुलटा. म्हणाला, "मॅडम, हे मोडी ना? यात नोंदी असतात ना? माझ्या मेव्हण्याची नाय सापडली अजून." मी म्हटलं, असू शकते, नसू शकते, वाचल्याशिवाय कळत नाही. त्याने एकदा कॉलेजकडे पाहिलं, एकदा काट्याकडे. मग गड्यांना म्हणाला, "उतरवा रे." पैसे परत मागितले नाहीत त्याने, हेही सांगून ठेवते, आणि कॉलेजनेही विचारलं नाही.

सगळं पुन्हा व्हरांड्यात आणून ठेवलंय. खोलीला नवीन कुलूप, किल्ली कोणाकडे ते उद्या कळेल. संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला, आवाज नरम होता, "मॅडम, मला कल्पना नव्हती, यादी दिली तर बघतो." यादी १९९८ पासून त्यांच्याच कपाटात आहे, हिरव्या पुठ्ठ्याची. पण माणूस वाईट नाही. नवीन आहे, वरून दट्ट्या असतो. सोडा.

मी मोजले. ४१ पैकी ३८ आहेत. फडक्यांवरच्या चिठ्ठ्या बऱ्याच गळून पडल्यात, त्यामुळे कुठले तीन गेले ते प्रत्येक सोडून बघितल्याशिवाय कळणार नाही. तेविसावा आहे की नाही, मला माहीत नाही. अंधार पडला, शिपायाला घरी जायचं होतं.

तात्या गेले चार वर्षांपूर्वी. मुलाचा नंबर माझ्याकडे आहे, लावलेला नाही.

उद्या सकाळी दहाला मी आणि सर व्हरांड्यात बसतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या, मोडी येत नसली तरी चालेल, चिठ्ठ्या लिहायला आणि धूळ झटकायला अक्षरओळख पुरते. येताना जुन्या सुती साड्या, धोतरं, मऊ ब्रश आणि मास्क आणा. चहाचं मी बघते. सेलोटेप आणि फेव्हिकॉल कृपया कोणीही आणू नका, गेल्या वेळी एका उत्साही विद्यार्थ्याने बक्षीसपत्राला सेलोटेप लावली होती ती अजून निघालेली नाही.