सातवा माणूस कुठं बसवायचा?

सांगलीत जंगली प्राणी बघायला कुठं जावं लागत नाही, तेच घरी येतात. 2021 च्या मार्चअखेरीला राजवाडा चौकाच्या परिसरात बिबट्या आला होता आणि त्याच वर्षी डिसेंबरात गवा थेट मार्केट यार्डात शिरला. मी यार्डातल्याच एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. गवा आला त्या दिवशी आमच्या पेढीचं शटर उघडलंच नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मला न मागता पगारी सुट्टी देणारा तो एकमेव प्राणी. त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

तर ज्या माणसाला कामाच्या ठिकाणी गवा भेटतो, त्यानं पदरचे पैसे घालून पार विदर्भात वाघ बघायला का जावं? हा प्रश्न मी विचारणार होतो. पण गेल्या भाऊबीजेला माझ्या तोंडात करंजी असतानाच ठराव पास झाला.

त्याला कारण दाजींची लेन्स. दाजींनी दसऱ्याला हातभर लांबीची लेन्स घेतली. तिच्यातून त्यांनी तोवर कृष्णेच्या घाटावरचे बगळे, आयर्विन पुलाच्या कमानी आणि समोरच्या गच्चीवर केस वाळवणारे निवृत्त मुख्याध्यापक एवढंच टिपलं होतं. एवढ्या पैशाच्या लेन्ससमोर काहीतरी तोलामोलाचं यायला हवं, असं त्यांना वाटू लागलं होतं.

"ताडोबा, पेंच आणि कान्हा," दाजी म्हणाले. "एका दमात तिन्ही. पाव्हणं, हिशेबाची वही तुमच्याकडं."

तीन जंगलं कशाला, तर एकात नाही दिसला तर दुसऱ्यात दिसेल म्हणून. माझा मुलगा नववीत आहे. त्याला बीजगणित येत नाही, पण वाघांची आकडेवारी पाठ आहे. 2022 च्या गणनेत देशात अंदाजे 3682 वाघ, त्यातले मध्य प्रदेशात 785 आणि महाराष्ट्रात 444. "बाबा, आपण चुकीच्या राज्यात राहतो," एवढाच निष्कर्ष त्यानं त्यातून काढला.

मी नवी वही काढली, पहिल्या पानावर श्री लिहिलं आणि वार मांडायला बसलो. इथंच पहिली ठेच लागली. वाघाला साप्ताहिक सुट्टी असते हे मला माहीतच नव्हतं. ताडोब्याचा गाभा, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंद. मध्य प्रदेशातली जंगलं, म्हणजे कान्हा वगैरे, बुधवारी दुपारनंतर बंद. ताडोब्यात शनिवार-रविवारी दर चढे. ही झाली सरकारी सुट्टी. आमची घरगुती वेगळी. आत्याचा सोमवार, बायकोची संकष्टी, आणि दाजींचा गुरुवार, म्हणजे त्या दिवशी मांसाहार नाही. "वाघ बघायला मटण कशाला लागतंय?" असं मी विचारलं, तर अक्का म्हणाली, "तुला ह्यांचा स्वभाव माहीत नाही. पोट भरलं नाही की ह्यांना काही दिसत नाही." सगळं वजा करता आठवड्यात एक शुक्रवार उरला.

बरं, नंतर कधी जावं, तर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभाच बंद. हिवाळ्यात गवत उंच, वाघ शेजारी बसला तरी दिसायचा नाही. वाघ बघायचा तो एप्रिल-मेमध्ये, पाणवठे आटल्यावर. आणि नेमकी तेव्हाच यार्डात हळदीची आवक. मालकांकडं सुट्टी मागायचा विषय मी वहीच्या शेवटच्या पानावर ढकलला.

प्रवासाचं पान त्यातल्या त्यात सोपं गेलं. आपल्याला महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. कोल्हापुरातून निघते, गोंदियाला टेकते आणि राज्याची हद्द न ओलांडता सांगली, कराड, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर अशी सगळ्या महाराष्ट्राची विचारपूस करत जाते. आज सांगलीत बसलं की उद्यापर्यंत गाडीतच संसार. पण त्यातही मेख निघाली. कान्ह्याच्या सफारीचं बुकिंग चार-चार महिने आधी उघडतं, आणि रेल्वेनं 2024 च्या नोव्हेंबरपासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली आहे. म्हणजे वाघ आधी विकत घ्यायचा आणि त्याच्यापर्यंत पोचता येईल का, हे दोन महिन्यांनी बघायचं.

आता मूळ दुखणं. सफारीच्या उघड्या जिप्सीत पर्यटक बसतात सहा. आम्ही सात. मी, बायको, मुलगा, अक्का, दाजी, भाची आणि आत्या.

"मग सातवा माणूस कुठं बसवायचा?" अक्कानं विचारलं आणि वर स्वतःच उत्तर दिलं, "विट्याच्या वडापला पंधरा बसतात. पोरं मांडीवर घेऊ." यातलं एक पोर म्हणजे माझा मुलगा. पासष्ट किलो. त्याला मांडीवर घेतलेला माणूस जिप्सीतून उतरवायला क्रेन लागेल.

तरी मी ताडोब्याच्या कोलारा गेटजवळच्या एका रिसॉर्टला फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड होता.

"सात नाही बसत जी. गेटवर मोजते ते लोक. ओळखपत्र पाहूनच आत सोडते."

"वाघ दिसतो ना पण?"

"दिसते न भाऊ. काल दिसला, परवा दिसला. उद्याचं वाघालेच माहीत."

"मेमध्ये ऊन कसं असतं?"

"जास्त नाही जी. 45-46."

"बाप रे!"

"त्यात काय जी, वाघ पाण्यात बसून राह्यते."

"आणि आम्ही?"

"तुम्ही जिप्सीत."

दोन जिप्सी घ्याव्या, असं ठरलं. खर्च दुप्पट झाला, पण खर्चावरून आमच्याकडं भांडणं होत नाहीत, ती वाटणीवरून होतात. चार आणि तीन अशी विभागणी सोपी होती: आम्ही तिघं अधिक आत्या एका गाडीत, अक्काकडचे तिघं दुसरीत. मी तसं लिहून ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत अक्काचा फोन.

"आणि तुमच्या गाडीला दिसला अन् आमच्या गाडीला नाही दिसला, तर?"

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. एकदा आला, आणि मग मला झोप लागेना. आमच्या घरात 1998 साली एका लग्नात एका बाजूला जिलेबी वाढली गेली आणि दुसऱ्या बाजूला संपली, हा विषय अजून निघतो. इथं तर वाघ. एका गाडीला वाघ आणि दुसरीला मोर, अशी वाटणी झाली तर पुढची पंधरा वर्षं दर भाऊबीजेला तो वाघ आमच्या पंगतीत येऊन बसणार. "तुम्हाला काय बाबा, तुम्हाला दिसला" हे वाक्य मला आत्ताच अक्काच्या आवाजात ऐकू येत होतं. आणि माझ्या गाडीला दिसलाच, तर आनंद चेहऱ्यावर किती ठेवायचा? दाजींची लेन्स दुसऱ्या गाडीत आणि वाघ माझ्या मोबाइलसमोर. छे, तेही नाही. ताडोब्याच्या गाभ्यात मोबाइल न्यायलाच बंदी आहे. म्हणजे पुरावासुद्धा नाही. नुसती माझी साक्ष, आणि माझ्या साक्षीला घरात काय किंमत आहे हे मला ठाऊक आहे.

(मोबाइलबंदीचं कळल्यावर भाचीनं "मग जायचं कशाला?" असं विचारलं. तिचा मुद्दा अजून कुणाला खोडता आलेला नाही.)

शेवटी मी कबड्डी स्पर्धेला करतात तसा तक्ता केला. सहा सफारी, दोन गाड्या, सात माणसं. प्रत्येक सफारीला जोड्या बदलायच्या, नवरा-बायको शक्यतो वेगळे, दाजी आणि लेन्स मात्र कायम एकत्र. म्हणजे वाघ कुठंही दिसला तरी तो दोन्ही घरांना विभागून दिसेल. हा तक्ता करायला मला तीन रात्री लागल्या. हळदीचा वर्षअखेरीचा ताळेबंद मी दोन रात्रींत लावतो.

तक्ता भरताना ओळखपत्रांचा घोळ निघाला. बुकिंगवर नाव हवं ते ओळखपत्रावरचं, आणि गेटवर तेच दाखवायचं. आत्या घरात मंगल, आधार कार्डावर मंगला, रेशन कार्डावर मंगळा. मी म्हटलं, आधारचं टाकू. आत्या म्हणाली, "मला मंगला कुणी म्हटलेलं आवडत नाही." दाजींच्या आधारवर फोटो असा आहे की गेटवरचा माणूस त्यांना वाघाआधीच पिंजऱ्यात घालील.

आत्याला खरं तर वाघात रस नव्हता. तिला नवं ठिकाण आणि तिथलं देवस्थान एवढं पुरतं. म्हणून मी तिला गोडीत सांगितलं की ताडोबा हे नावच तारू नावाच्या देवावरून पडलंय. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरायची.

"हा तारू कोण?"

"आदिवासींचा गावप्रमुख होता म्हणतात. वाघाशी झुंजला."

"जिंकला?"

मी गप्प बसलो.

"म्हणजे वाघानं देवालाच मारलं," आत्या म्हणाली, "आणि तिथं आपण उघड्या गाडीतनं जायचं."

आत्या अशी डळमळीत झालेली असतानाच, नोव्हेंबरच्या मध्यावर, पेपरात बातमी आली. ताडोब्यातली एक वाघीण पकडून आमच्या चांदोलीत आणली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. तिथं नर वाघ पोचले होते, वनखात्यानं त्यांची सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी भारदस्त नावंही ठेवली होती, पण घरात बाई माणूस नव्हतं. म्हणून ऑपरेशन तारा नावाची मोहीम काढून ही वाघीण ताडोब्याहून गाडीत घालून आणली.

मी बातमी दोनदा वाचली. जी बघायला आम्ही सात माणसं, दोन जिप्सी, एक लेन्स आणि तीन आडनावांची कागदपत्रं घेऊन सांगलीहून ताडोब्याला निघणार होतो, ती ताडोब्याहून सांगली जिल्ह्यात येऊन उतरली होती. आणि कसं? तिच्या वहीत मंगळवार नाही, संकष्टी नाही, वेटिंग लिस्ट नाही. तिचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. गळ्यात रेडिओ कॉलर, सोबत डॉक्टर. प्रवास असा हवा.

आत्यानं बातमी मला मोठ्यानं वाचायला लावली. वाघिणीला लगेच मोकळं न सोडता आधी जंगलातच कुंपणात ठेवलंय, इथली सवय व्हावी म्हणून, हे ऐकल्यावर तिनं चष्मा काढला.

"बरोबर आहे. चंद्रपूरची पोर. इथला पाऊस, इथलं धुकं, काय माहीत तिला? नव्या सुनेला लगेच चुलीपुढं बसवत नाहीत." मग जरा थांबून, "शिराळ्याच्या पुढंच ना ते? ओटी भरायला जायला हवं."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. आत्या आणि बायको चांदोलीच्या. पहाटे निघालं की भाकरी बांधून सकाळी चांदोलीजवळचं वारणावती, रात्रीला घरी. दाजी आणि मुलगा ताडोब्याचे. दाजींचं म्हणणं, चांदोलीत झाडी इतकी दाट की दहा फुटांवरचा वाघ दिसायचा नाही. तिकडं विदर्भात बांबू आणि साग, उन्हाळ्यात पानं गळतात, वाघ लपणार कुठं? यात तथ्य आहे. पण आत्याच्या पक्षाला वाघीण दिसायला नकोच आहे. "नव्या सुनेला कोण टक लावून बघतं?" असं तिचं म्हणणं.

मधल्या मध्ये पेंचवर मात्र एकमत होतं, कारण तिथला महामार्ग. नागपूरहून जबलपूरकडं जाणारा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो, तो तिथं खांबांवर उचलून खालनं जनावरांना वाट ठेवली आहे. एकेक वाट 750 मीटरपर्यंत लांब. वरून ट्रक, खालून वाघ. मुलानं हे सांगितल्यावर दाजी हळहळले. "आणि आमच्या गल्लीत गटारीवर फरशी टाकून मागतोय आठ वर्षं."

परवा बुकिंग उघडणार म्हणून, शेवटी, वहीचं शेवटचं पान उघडून मी मालकांपुढं उभा राहिलो. मालक गादीवर बसून नव्या हळदीचे नमुने बघत होते. हळकुंड उचलायचं, नाकाशी न्यायचं, कट्कन मोडायचं, आतला रंग बघायचा, टाकून द्यायचं.

"किती दिवस?"

"नऊ."

"मेमध्ये?" हळकुंड मोडलं. "कशाला?"

"वाघ बघायला."

"दिसणार नक्की?"

"नक्की असं नाही. नशिबाचा भाग."

"पैसे दिलेस?"

"रिसॉर्टला निम्मा ॲडव्हान्स."

मालकांनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "माल बघितला नाहीस, वास घेतला नाहीस, मोडून बघितला नाहीस. समोरचा म्हणतोय गॅरंटी नाही. आणि तू निम्मे पैसे देऊन मोकळा. बावीस वर्षं माझ्या पेढीवर काय शिकलास?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी नवाचे सहा दिवस मिळाले, तेही "त्या गव्यासारखं वाघाला इकडंच यायला सांग, म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी" असं ऐकवून.

सहा दिवसांत तीन जंगलं बसत नाहीत. पेंच गाळायचं की कान्हा, असं मी दुपारी ग्रुपवर विचारलं. अक्काचा अंगठा आला, तो कुणाला ते कळलं नाही. आत्यानं चांदोलीच्या बातमीचं कात्रण चौथ्यांदा टाकलं. दाजी मात्र अर्ध्या तासापासून टाइप करताहेत.