रेघ खडूनेच ओढावी

शाकाहारी व्हायचं ठरवलंत? छान. पण पहिल्याच पंगतीत शेजारचा विचारणार, "म्हणजे तुम्हाला नक्की काय काय चालतं?" तिथे अडखळलात तर पुढचं सगळं पुण्य वाया. म्हणून चार गोष्टी सांगतो. मी जन्माने शाकाहारी. घरातल्या तीन पिढ्यांनी या बाबतीत करून ठेवलेला अभ्यास मला आयता मिळालाय, तो तुम्हाला फुकट देतोय.

मुख्य पथ्य एकच. चालतं आणि चालत नाही यांच्यामधली रेघ खडूने ओढायची. ऑइलपेंटने ओढलीत तर फसलात. खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसता येते, चार बोटं पुढे सरकवता येते, आणि पुन्हा ओढली की ती कालही इथेच होती असं छातीठोकपणे सांगता येतं.

नुसतं 'शाकाहारी' म्हणवून घेऊ नका, त्या शब्दात जोर नाही. 'प्युअर व्हेज' म्हणा. तुम्ही शुद्ध झालात की बाकीचे आपोआप भेसळीचे ठरतात, त्यांना वेगळं काही बोलावं लागत नाही.

खडू सगळ्यात जास्त झिजतो तो अंड्यापाशी. आमच्या घरी अंडं आलं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. धाकट्या काकांची तब्येत तोळामासा, आणि फॅमिली डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं. आजीने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला: औषध आहे तर चालेल, पण स्वयंपाकघरात नाही. मग मागच्या गॅलरीत वातीचा स्टोव्ह मांडला गेला. एक तवा, एक उलथनं, एक ताटली आणि एक पेला यांना जातीबाहेर काढून गॅलरीतल्या खिळ्यांना टांगण्यात आलं. काका महिन्याभरात ठणठणीत झाले. औषध मात्र बंद झालं नाही. पुढे रविवारी वडीलही अधूनमधून आजारी पडू लागले.

त्या गॅलरीने घराला दोन नियम दिले. पहिला, बाहेर चालतं, आत नाही. इथे 'बाहेर' म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून सव्वा फूट. दुसरा, दिसत नाही ते नसतं. आजी इराण्याकडचा केक वयाच्या ऐंशीपर्यंत आवडीने खायची. त्यात काय असतं असं कुणी विचारलं की म्हणायची, "मैदा." खोटं थोडंच आहे?

तुम्ही शिकलेले असाल तर आणखी एक सोय आहे. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, अंडं फलित नसतं, त्यातून पिल्लू निघणार नसतं, सबब ते शाकाहारी, असा युक्तिवाद करता येतो. पण तो स्वतःच्या ऑम्लेटपुरताच वापरायचा. राज्य सरकारने २०२३च्या नोव्हेंबरात शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं, तेव्हा हा युक्तिवाद करायला कुणी पुढे आलं नाही. केळ्याची सोय असूनही भावना दुखावल्याच. मग ४० टक्के पालकांचा विरोध असेल त्या शाळेत अंडं नको असं ठरलं, आणि २०२५च्या जानेवारीत सरकारने अंड्यांसाठी पैसे देणंच थांबवलं. ज्या पोरांच्या घरी गॅलरी नाही आणि फॅमिली डॉक्टरही नाही, त्यांच्यासाठी रेघ अशी पक्क्या रंगाने ओढतात.

एवढा विचार करायचा कंटाळा असेल तर सगळं सरकारवर सोपवा. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की डोळे मिटून खा. २०२०च्या लेबलांच्या नियमांत मांसाहारी म्हणजे काय ते लिहिलंय: प्राणी, पक्षी, पाण्यातले जीव, अंडी आणि प्राण्यांपासून मिळणारं काहीही. इथवर वाचून घाम फुटतो. पण त्याच वाक्यात पुढे सुटका आहे: दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण, कारनौबा मेण आणि लाख वगळून. लाख म्हणजे लाखेच्या किड्याच्या अंगातून पाझरणारी राळ. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरची झळाळी बरेचदा तिचीच असते. लाक्षागृहातली लाख तीच. तिने पांडवांना जाळायचं होतं, आपल्याला तर ती फक्त चाटायची आहे. मला स्वतःला मात्र कारनौबाचं कौतुक वाटतं. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर जमतं. म्हणजे जे मुळातच झाड आहे, त्यालाही आपल्या सरकारने तू प्राणी नाहीस असा दाखला देऊन ठेवलाय. इतकी काळजी दुसरा कुठला देश घेईल?

दिवाळीत काजूकतलीवरचा वर्ख खाताना तो कसा कुटतात हे मात्र वाचू नका. चांदी बैलाच्या आतड्यांच्या थरांमध्ये ठेवून कुटायची जुनी पद्धत होती. २०१६ साली त्यावर बंदी आली. तोवरच्या सगळ्या दिवाळ्या आपण शुद्धच होतो, कारण आपल्याला माहीत नव्हतं.

आता दूध. इथे रेघ ओढायचा विचारसुद्धा मनात आणू नका, पूर्वजांनी हा सगळा मुलूख रेघेच्या आत घेऊन ठेवलाय. गाय आपली आई. म्हैस आपली कोण, हा प्रश्न टाळा. दूध तिचंही आपण पितो, पण नातं सांगत नाही. म्हैस व्याली आणि पारडी झाली तर गोठ्यात आनंद. रेडकू झालं तर ते चार दिवसांनी कुठे दिसेनासं होतं हे गवळ्याला विचारू नका, उगाच दूध आणखी पातळ होईल. रेडकू गेलं आणि म्हैस दूध चढवू लागली, तर त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर ठेवायची युक्ती जुनी आहे. ती त्याला चाटते, पान्हा सोडते, आणि आपण त्या दुधाचा चहा पीत मांसाहारातल्या क्रौर्यावर बोलतो. २०१५ साली महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूही कायद्याने वाचले. रेडा त्या यादीत नव्हता. आपला देश दूध काढण्यात जगात पहिला, आणि म्हशीचं मांस बाहेर पाठवण्यातही पहिल्या काहींत आहे. या दोन बातम्या पेपरात शेजारीशेजारी छापत नाहीत, हे संपादकांचे उपकारच समजा.

दुधाच्या बाबतीत एकाच माणसाने खरोखर रेघ ओढली होती, आणि त्यांचीही सरकली. गाईम्हशींचं दूध निपटून काढण्यासाठी कलकत्त्याचे गवळी काय काय करतात ते वाचून गांधीजींनी दूध सोडलं. पुढे १९१९च्या सुमाराला मुंबईत ते इतके आजारी पडले की डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय ताकद यायची नाही. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, तुमचं व्रत गाईम्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं कुठे होतं? शेळी आली. फरक इतकाच की गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवलं, यात व्रताचे शब्द पाळले गेले, आत्मा नाही. हे असलं तुम्ही करू नका. रेघ सरकवायची ती गुपचूप.

औषधाला अर्थातच रेघ नसते. कॅप्सूलचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडांचं नि कातड्याचं. पण ते पाण्याबरोबर गिळायचं असतं, चावायचं नसतं, म्हणून धरत नाहीत. आमच्या बिल्डिंगमधलं प्रत्येक शाकाहारी कुटुंब आठवड्याला एक, साठ हजार युनिटांचं ड जीवनसत्त्व घेतं. ते बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. उन्हात बसायचं सोडून आपण मेंढी प्यायला लागलो. पण डॉक्टर पाटीवर एम.डी. लिहितात, प्युअर व्हेज लिहीत नाहीत, त्यामुळे विचारायची वेळ येत नाही.

तोंडात जात नाही त्याचा तर हिशेबच ठेवू नका. आजीचा मुकटा मला अजून आठवतो, दोरीवर काठीने वाळत घातलेला, कुणी शिवायचं नाही असा. तो नेसून ती नैवेद्याचा स्वयंपाक करायची. त्या स्वयंपाकात कांदा नाही, लसूण नाही, मसुराची डाळ नाही, तामसी म्हणून. आणि अंगावर रेशीम. रेशमाचे कोष उकळत्या पाण्यात टाकतात, आतल्या किड्यासकट. एका वस्त्राला असे हजारो. लसणीची एक पाकळी पडली असती तर सोवळं मोडलं असतं, हजारो किडे उकळून ते मोडलं नाही, उलट त्यांच्यामुळेच तर ते सोवळं. मी एकदा, वय वर्षं बारा, हे तिला बोलून दाखवलं. तिने मला त्या दिवशी मुकट्याने पानावर बसायला सांगितलं. मुकटा हा शब्द तिथूनच आला असावा असा माझा बरेच दिवस समज होता.

पूजेतला शंख समुद्रातल्या गोगलगायीचा. पंचामृतातला मध माश्यांचा. माळ घातलेले वारकरी बुवा ज्या पखवाजावर थाप मारतात, त्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. बकरा पोटात गेला तर पाप, हाताखाली आला तर अभंग. दत्ताच्या देवळापुढचं उंबर तर कुणी फोडूनच बघू नये, आत चिलटांचं अख्खं गाव असतं. (सासवडच्या अंजिराची काळजी नको. त्या जातीला फळ धरायला आतल्या चिलटाची गरज लागत नाही, निर्धास्त खा.)

तुम्ही मुळात खाणारे असाल आणि मधूनमधून शाकाहारी व्हायचं असेल, तर कॅलेंडर सांभाळा. मालवणात सोमवारी शिवराक आणि मंगळवारी बांगडा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि मला तर हेच लोक सगळ्यांत सरळ वाटतात. रेघ भिंतीवरच्या तारखेवर आहे, सगळ्यांना दिसते. आपण शुद्ध मंडळी कांद्यासाठीही कांदेनवमी काढतो आणि चातुर्मासाच्या आधी भज्यांनी बेजार होतो, मग गटारीला हसायचं कशाला? कोल्हापूरकडे आणखी एक पंथ आहे: "पीस नको, नुसता रस्सा वाढा." मटण रश्श्यात होतं, आता नाही, जे उरलं ते पातळ, आणि पातळ पदार्थाला पाय नसतात. मी असा माणूस पाहिला आहे, ज्याने पांढऱ्या रश्श्याच्या सात वाट्या पिऊन मिशी पुसत मला सांगितलं, "आपण सोडलंय सगळं."

इतकी सगळी लवचिकता अंगी बाणली की मग शेवटचा धडा घ्या. स्वतःसाठी खडू, दुसऱ्यासाठी सिमेंट. माझा मालवणचा मित्र मुंबईत भाड्याने घर बघत होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग फार आदराने "आमच्याकडे जरा वासाचा प्रॉब्लेम होतो" म्हणाले. तो म्हणाला, "मी गॅलरीत करीन." ही युक्ती त्याला मीच दिली होती. चालली नाही. गॅलरी आपल्या आजारी काकांसाठी असते, दुसऱ्याच्या बांगड्यासाठी नाही. सेक्रेटरींच्या पायांत चामड्याचे सुंदर बूट होते, असं त्याने मला नंतर सांगितलं. शाकाहाराची हद्द दारात सुरू होते, पायात नाही.

२०२४च्या मार्चमध्ये झोमॅटोने 'प्युअर व्हेज' गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतली वेगळी पोरं जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले, कारण मग लाल कपड्यातला पोऱ्या दारात दिसला की घरमालकाला कळणार, भाडेकरूने काय मागवलंय. बघा, एवढी मोठी कंपनी, पण मुंबईची बिल्डिंग कळायला तिलाही एक दिवस लागला.

एक संकट मात्र येणार, त्याची तयारी ठेवा. कधीतरी तुमच्या घरात तुमच्यापेक्षा शुद्ध माणूस जन्माला येईल. आमच्याकडे ती माझी भाची आहे. गेल्या गणपतीत जर्मनीहून आली ती व्हीगन होऊन. चहा नको, ताक नको, पंचामृत नको, वरणावर तूप नको. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून म्हणाली, "मामा, हे तुमच्यासाठी. माझ्यासाठी वेगळा हिरवा लोगो असतो, २०२२ साली नियम झालेत." सगळं घर तिच्यावर तुटून पडलं. अगं, मग खायचं तरी काय? ताकद कुठून येणार? एवढा विचार करून माणूस जगतो का? मीसुद्धा म्हणालो, झाडांनाही जीव असतो, जगदीशचंद्र बोसांनी दाखवून दिलंय. म्हणालो आणि जीभ चावली. हेच वाक्य मालवणचा मित्र गेली तीस वर्षं, ताटातला बांगडा उलटा करता करता, मला ऐकवतोय.

भाची मात्र ठाम. शेवटी आत्याने समजूत काढली, "तुझे मोदक वेगळे करते हो. तुपाचा थेंब नाही." भाचीने सात मोदक खाल्ले, आत्याआजीच्या गळ्यात पडली, असे मोदक जगात कुठे नाहीत म्हणाली.

रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर आत्या ओट्यावरून ओलं फडकं फिरवत होती. म्हटलं, आत्या, तुपाशिवाय एवढी मऊ पारी कशी जमली?

"वर नाही घातलं रे," ती हळूच म्हणाली, "उकडीत घातलं होतं दोन चमचे. दिसतंय कुठे?"